ऋण कशासाठी? सणासाठी की तळ्यासाठी?

प्रशासकीय राजवटीचा प्रदीर्घ कालखंड संपून महाराष्ट्रातील महानगरपालिकांची सभागृहे पुन्हा भरली आहेत. कोठे दोन वर्षे, तर कोठे पाच वर्षांहूनही अधिक काळ लोकनियुक्त प्रतिनिधींवाचून कारभार चालला. १५ जानेवारी २०२६ रोजी राज्यातील २९ महानगरपालिकांसाठी मतदान झाले. गुलाल आता खाली बसला आहे, सत्कारही आटोपले आहेत. नव्या नगरसेवकांच्या हाती आता अर्थसंकल्पाचे जाडजूड पुस्तक आले आहे. त्याची बहुसंख्य पाने कोणी उलटीत नाही. आपल्या प्रभागातील गटार, रस्ता, समाजमंदिर एवढी नोंद सापडली की पुस्तक मिटले जाते. पण शहराचे भवितव्य त्या न उलटलेल्या पानांत दडलेले असते. आपल्या नगराचे स्वतःचे उत्पन्न किती, देणी किती, कर्ज कशासाठी काढले आणि ते फेडणार कोण, हे प्रश्न त्याच पानांवर आहेत. ते आज विचारायला हवेत, कारण अडचणीचा काळ पूर्वसूचना देऊन येत नाही.

असा काळ कसा येतो हे आपण २०२० मध्ये पाहिले. त्या वर्षीच्या एप्रिल ते जून या तिमाहीत देशाचे सकल उत्पादन, पहिल्या अधिकृत अंदाजानुसार, २३.९ टक्क्यांनी आकसले. बाजार बंद, कारखाने बंद आणि मुंबई-पुण्याचा श्रमिक डोक्यावर बोचके घेऊन गावाच्या वाटेला लागलेला. त्याच मे महिन्याच्या आरंभी महाराष्ट्र शासनाच्या वित्त विभागाने आदेश काढला. विकासकामांवर अर्थसंकल्पातील तरतुदीच्या ३३ टक्केच खर्च करावा, नवी कामे हाती घेऊ नयेत, नवी भरती करू नये, असा त्याचा आशय होता. तिजोरीत पैसाच येत नसताना शासनाने दुसरे काय करावयाचे, हा प्रश्न रास्त आहे. आरोग्यसेवेला निधी मिळावा म्हणून इतर खर्चाला कात्री लागली, हेही समजण्यासारखे आहे. पण परिणाम काय झाला याचाही विचार केला पाहिजे. ज्या क्षणी खाजगी कामे थांबली आणि मजुराला सार्वजनिक कामाची सर्वाधिक गरज निर्माण झाली, त्याच क्षणी सार्वजनिक कामेही थांबली. यालाच आपल्याकडे दुष्काळात तेरावा महिना म्हणतात.

मंदीत गृहस्थाने हात आखडावा हे शहाणपणाचे असते. मात्र सगळ्यांनी एकाच वेळी हात आखडला, तर एकाचा खर्च ही दुसऱ्याची मिळकत असल्याने सगळ्यांचीच मिळकत आटते. म्हणून अशा वेळी शासनसंस्थेने खर्च करावा, हे तत्त्व अर्थशास्त्राने पुष्कळ वर्षांपूर्वी मान्य केले आहे. यात स्थानिक स्वराज्य संस्थेचे महत्त्व विशेष. दिल्लीने जाहीर केलेला महामार्ग सुरू होण्यास वर्षे लागतात. नगरपालिकेने काढलेले नाल्याचे, तळ्याच्या गाळाचे, शाळेच्या छपराचे काम आठवड्याभरात सुरू होऊ शकते. त्याची मजुरी त्याच गावात राहते आणि सायंकाळी त्याच गावातील वाण्याच्या दुकानात पोहोचते. प्रश्न इतकाच की हा पैसा आणावयाचा कोठून? आडात नाही तर पोहऱ्यात कोठून येणार? येथेच कर्जाचा विषय निघतो आणि येथेच आपल्या सार्वजनिक जीवनातील दोन टोके दिसू लागतात. एक टोक कर्जाचे नाव काढताच दचकते. दुसरे टोक कर्ज हीच मिळकत समजून ऋण काढून सण साजरा करते. आमच्या मते दोन्ही टोके सारखीच घातक आहेत.

या प्रश्नाचे एक उत्तर महाराष्ट्राने स्वतःच्या अनुभवातून शोधून काढले होते, याची आठवण नव्या पिढीला क्वचितच असते. १९७२-७३ च्या दुष्काळात मे १९७३ च्या सुमारास राज्यातील सुमारे पन्नास लाख माणसे दुष्काळी कामांवर होती. बायाबापड्यांनी भर उन्हात खडी फोडली, सुकडीवर दिवस काढले. माणसे जगली, ही त्या कामांची मोठीच पुण्याई. पण फोडलेल्या खडीचे ढीग कित्येक ठिकाणी रस्त्याच्या कडेला तसेच पडून राहिले. माणूस जगला, परंतु पुढचा दुष्काळ टळावा असे फारसे काही उभे राहिले नाही, ही खंतही त्यातूनच जन्मली. वि. स. पागे यांच्या प्रयत्नांतून आकाराला आलेल्या रोजगार हमी योजनेने म्हणूनच दोन गोष्टींचा आग्रह धरला. पहिली, काम उत्पादक असावे. बांधबंदिस्ती, पाझर तलाव, विहिरी यांसारख्या कामांचे आराखडे आधीच तयार करून ठेवावेत, म्हणजे संकट आले की कुदळ उचलता येईल. दुसरी, या खर्चाला स्वतःचा झरा असावा. १९७५ च्या कायद्याने व्यवसाय कर बसविण्यात आला. त्याचे उत्पन्न या योजनेसाठी राखून ठेवावयाचे आणि तेवढीच भर राज्याने घालावयाची, अशी व्यवस्था झाली. मुंबईतील पगारदाराच्या वेतनातून दरमहा कापली जाणारी ती छोटीशी रक्कम माणदेशातील मजुराच्या हाताला काम देत होती. नगर आणि ग्राम यांना एका सूत्रात गुंफणारा हा करार होता. पुढे या योजनेतही भ्रष्टाचार शिरला, बनावट हजेरीपत्रके निघाली, हे खरेच. तथापि मूळ विचार निर्दोष होता. काम आधी ठरवा, पैशाचा झरा आधी शोधा, मग संकटाला सामोरे जा. तहान लागल्यावर विहीर खणणारे आपण त्या एका वेळी तरी तहानेच्या आधी जागे झालो होतो.

आता कर्जाकडे वळू. कर्ज हे स्वतः पापही नाही आणि पुण्यही नाही. पन्नास वर्षे टिकणारी जलवाहिनी केवळ आजच्या करदात्याच्या पैशातून बांधावी आणि पुढच्या पिढीने ती फुकट वापरावी, हा न्याय नव्हे. तिचा भार दोन पिढ्यांनी वाटून घ्यावा, यासाठीच दीर्घ मुदतीचे कर्ज असते. उलट, या महिन्याचा पगार भागविण्यासाठी काढलेले कर्ज म्हणजे नातवाच्या ताटातला घास आज खाऊन टाकणे होय. हा फरक समजण्यासाठी दोन शहरांची उदाहरणे पुरेशी आहेत.

पहिले उदाहरण अहमदाबादचे. १९२४ ते १९२८ या काळात सरदार वल्लभभाई पटेल ज्या नगरपालिकेचे अध्यक्ष होते, तीच संस्था १९९० च्या दशकाच्या आरंभी तोट्यात रुतली होती. तेथील प्रशासनाने आधी कर्जाचा अर्ज लिहिला नाही. आधी जकातीची गळती बंद केली, मालमत्ता कराच्या थकबाकीदारांवर जप्तीचा बडगा उगारला, हिशेब नीट केले. तूट संपून शिल्लक दिसू लागली, तेव्हाच स्वतःचे पतमापन करून घेतले. मग जानेवारी १९९८ मध्ये १०० कोटी रुपयांचे कर्जरोखे बाजारात आणले. राज्य सरकारच्या हमीशिवाय रोखे काढणारी ती देशातील पहिली महापालिका ठरली. आणि तो पैसा कशासाठी होता? पाण्याच्या योजनेसाठी. आधी वसुली, मग पत, मग कर्ज आणि शेवटी पाणी, असा तो क्रम होता.

दुसरे उदाहरण आपल्या घरचे, जळगावचे. तेथील तत्कालीन नगरपालिकेने घरकुल योजनेसाठी हुडकोकडून मोठे कर्ज घेतले. अकरा हजारांहून अधिक घरे गरिबांना देण्याचा संकल्प होता. हेतू उदात्तच म्हणावा लागेल. प्रत्यक्षात सुमारे दीड हजार घरेच पूर्ण होऊ शकली. जागेची मालकी, परवानग्या, निविदा या सगळ्यांतच घोळ निघाला. या प्रकरणी ३१ ऑगस्ट २०१९ रोजी विशेष न्यायालयाने ४८ जणांना दोषी ठरविले. त्या निकालाविरुद्ध वरच्या न्यायालयात दाद मागण्यात आली, त्याविषयी येथे भाष्य करण्याचे कारण नाही. आम्हाला सांगावयाचे आहे ते निराळेच. दोषी कोण याचा निवाडा न्यायालये करतील, पण कर्ज फेडले कोणी? जळगावच्या नागरिकाने. कर्जवसुलीपोटी महापालिकेची बँक खाती गोठविली गेली. रस्त्याला डांबर नाही, कर्मचाऱ्यांच्या वेतनाची ओढाताण, असे दिवस त्या शहराने काढले. घरकुल ज्याला मिळाले नाही, त्या झोपडीतल्या माणसानेही त्या कर्जाचे व्याज खड्ड्यांच्या रूपाने भरले.

जळगावचा दाखला देऊन इतरांनी मिशीवर ताव मारू नये. पुणे महापालिकेने जून २०१७ मध्ये चोवीस तास पाणीपुरवठ्याच्या योजनेसाठी २०० कोटी रुपयांचे कर्जरोखे ७.५९ टक्के व्याजाने काढले. मुंबई शेअर बाजारात घंटा वाजली, कौतुक झाले आणि ते योग्यही होते. पण त्यानंतर योजनेच्या निविदा रद्द होऊन पुन्हा काढाव्या लागल्या. कामाचा मुहूर्त लांबला आणि व्याजाचा मीटर मात्र पहिल्या दिवसापासून फिरू लागला. त्या वेळी तेथे राष्ट्रीय विचारांच्या पक्षाची सत्ता होती, म्हणून हे आम्ही झाकून ठेवावे काय? उलट, आपल्या माणसांनी अधिक काटेकोर असावे, ही आमची अपेक्षा असल्यानेच ते सांगितले पाहिजे. निविदा तयार नसताना काढलेले कर्ज म्हणजे लग्न ठरण्याआधी घातलेला मांडव.

हे झाले उघड कर्ज. ते निदान ताळेबंदात दिसते. आमच्या नगरपालिकांवरील खरा भार आहे तो न दिसणाऱ्या कर्जाचा. कायद्यानुसार स्थानिक संस्थेला कर्ज काढावयाचे तर शासनाची अनुमती लागते. १९१४ चा इंग्रजांच्या काळातील कायदाच त्यासाठी आहे. कंत्राटदाराचे देयक थकविण्यासाठी मात्र कोणाचीच अनुमती लागत नाही. निवृत्त सफाई कामगाराच्या वेतनातील फरक अडवून ठेवायला, पाटबंधारे खात्याची पाणीपट्टी न भरायला, महावितरणचे देयक फाईलमध्ये दाबून ठेवायलाही परवानगी नको. २०२१ च्या पावसाळ्यात राज्यातील अनेक ग्रामपंचायतींच्या पथदिव्यांची वीज थकबाकीपोटी तोडण्यात आली. गावे अंधारात गेली आणि सरपंच आंदोलनाला बसले. हे देयक शासनाने भरावयाचे की ग्रामपंचायतीने, हा वाद तेव्हा रंगला. शेवटी पंधराव्या वित्त आयोगाच्या निधीतून ते भरावे असे ठरले. म्हणजे विकासासाठी आलेला पैसा जुन्या दिव्यांच्या देयकात गेला. २०२५ मध्ये तर राज्यभरातील कंत्राटदारांच्या संघटनांना थकीत देयकांसाठी रस्त्यावर उतरावे लागले. कंत्राटदार हा शब्द उच्चारताच आपल्या डोळ्यांपुढे गाड्या उडविणारा पुढारी येतो. परंतु तालुक्याच्या गावातील छोटा कंत्राटदार हा पतपेढीतून कर्ज काढून खडी-सिमेंट आणणारा, शनिवारी मजुरांचा पगार चुकता करणारा साधा माणूस असतो. नगरपालिका त्याचे देयक दोन वर्षे अडविते, तेव्हा ती प्रत्यक्षात त्याच्याकडून बिनव्याजी कर्ज घेत असते आणि तेही त्याची संमती न विचारता. मंदीत हा माणूस बुडाला की त्याच्यामागचे वीस संसार बुडतात.

न दिसणारे कर्ज किती मोठे होऊ शकते, याचा धडा चीनने जगाला दिला आहे. आपल्याकडील काही विद्वानांना चीनची चकचकीत शहरे पाहून भरते येते. त्यांनी ही बाजूही पाहावी. २००८ च्या जागतिक मंदीत चीनने चार लाख कोटी युआनची खर्चयोजना जाहीर केली. त्यातील मोठा भार स्थानिक सरकारांवर टाकला. त्यांना थेट कर्ज काढण्याची मुभा नव्हती. मग त्यांनी वित्त कंपन्या स्थापन केल्या, कर्ज त्या कंपन्यांच्या नावावर घेतले आणि फेडीची भिस्त जमीनविक्रीच्या उत्पन्नावर ठेवली. २०१० च्या अखेरीस तेथील लेखापरीक्षणात स्थानिक सरकारांची देणी १०.७ लाख कोटी युआन असल्याचे आढळले. २०२१ पासून गृहबांधणीचा फुगा फुटू लागला, जमिनीला गिऱ्हाईक मिळेना आणि फेडीचा झराच आटला. २०२३ च्या अखेरीस केवळ छुपे कर्ज १४.३ लाख कोटी युआनवर असल्याचे तेथील सरकारनेच मान्य केले. २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये त्याच्या पुनर्रचनेसाठी दहा लाख कोटी युआनची योजना आणावी लागली. जेथे वृत्तपत्रे मुकी आहेत आणि नागरिकाला हिशेब मागण्याचा अधिकार नाही, तेथे ताळेबंदाबाहेर एवढा डोंगर साचू शकतो. लोकशाही असूनही अमेरिकेतील डेट्रॉइट शहर सुमारे १८ अब्ज डॉलरच्या देण्यांखाली दबून जुलै २०१३ मध्ये दिवाळखोरीत गेले आणि निवृत्त कर्मचाऱ्यांच्या वेतनाला कात्री लागली. तात्पर्य, नुसती लोकशाहीही पुरत नाही. हिशेब मागणारा नागरिक लागतो.

मग आपल्या नगरांची खरी दुखणी कोणती? कर्ज फार आहे, हे दुखणे नाहीच. देशातील महापालिकांच्या कर्जरोख्यांची थकित रक्कम मार्च २०२४ मध्ये जेमतेम चार हजार कोटी रुपयांच्या आसपास होती. एवढ्या मोठ्या देशात हा आकडा नगण्यच. दुखणे आहे ते स्वतःच्या मिळकतीचे. रिझर्व्ह बँकेच्या २०२२ च्या अहवालानुसार आपल्या महापालिकांचे उत्पन्न दशकभराहून अधिक काळ देशाच्या सकल उत्पादनाच्या एक टक्क्याच्या आसपासच घुटमळत राहिले. त्याच अहवालात ब्राझीलचा आकडा ७.४ टक्के आणि दक्षिण आफ्रिकेचा ६ टक्के दिला आहे. ७४ वी घटनादुरुस्ती जून १९९३ मध्ये अमलात आली, बाराव्या अनुसूचीत नगरांकडे सोपवावयाचे १८ विषय लिहिले गेले. कामे दिली, झरा दिला नाही. होता तोही आटविला. नगरपालिकांची जकात १९९९ मध्ये गेली आणि तिच्या जागी सहायक अनुदान आले. महापालिकांची जकात जाऊन स्थानिक संस्था कर आला, तोही २०१५ मध्ये बहुतांश व्यापाऱ्यांसाठी रद्द झाला. मुंबईची जकात १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा करात विलीन झाली. जकात नाके भ्रष्टाचाराची कुरणे होती, ती गेली हे उत्तमच झाले. एक देश, एक कर हा विचार राष्ट्राच्या एकात्मतेला बळ देणारा आहे. राज्याने २०१७ च्या कायद्याने महापालिकांना भरपाई देऊ केली आणि दरसाल आठ टक्के वाढीची तरतूद केली, हेही नमूद केले पाहिजे. परंतु भरपाई म्हणजे शेवटी दुसऱ्याच्या हातचे पाणी. स्वतःचा असा मोठा कर आता एकच उरला, तो म्हणजे मालमत्ता कर.

आणि नेमक्या त्याच कराची आम्ही काय गत केली आहे? निवडणूक आली की त्याच्या माफीची बोली लागते. मुंबईत ५०० चौरस फुटांपर्यंतच्या घरांना २०२२ मध्ये महाविकास आघाडीच्या सरकारने करमाफी दिली. पुण्यात स्वतः राहणाऱ्या घरमालकांची मध्यंतरी बंद झालेली ४० टक्के सवलत २०२३ मध्ये महायुतीच्या सरकारने पुन्हा सुरू केली. लहान घरातील कुटुंबाला दिलासा मिळावा, याला कोणाचाच विरोध असणार नाही. पण माफीची घोषणा करणारा एक आणि तिची किंमत मोजणारी संस्था दुसरी, ही रीत कोठली? करमाफी देताना त्या तुटीची भरपाई कशातून करावयाची, हे त्याच ठरावात लिहिले जात नसेल, तर ती माफीही एक प्रकारचे कर्जच होय. ते कर्ज पुढे पाणीपट्टीतून नाहीतर खड्ड्यांतून वसूल होते.

केंद्र सरकारने २०२० च्या संकटात या दुखण्यावर बोट ठेवले होते. राज्यांची कर्जमर्यादा त्या वर्षापुरती ३ टक्क्यांवरून ५ टक्क्यांपर्यंत वाढविण्यात आली. मात्र वाढीव मर्यादेचा काही भाग सुधारणांशी जोडला गेला. त्यांतील एक सुधारणा नागरी संस्थांची होती. मालमत्ता कराचा किमान दर तेथील जमिनीच्या सरकारी मूल्याशी निगडित करावा आणि पाणी-मलनिःसारणाचे दर त्यांचा खर्च भागेल असे असावेत, ही अट होती. मध्य प्रदेश आणि आंध्र प्रदेश यांनी ती सर्वांत आधी पूर्ण केली. पंधराव्या वित्त आयोगानेही नागरी अनुदानासाठी मालमत्ता कराच्या किमान दराची आणि जाहीर केलेल्या लेखापरीक्षित हिशेबांची अट घातली. कर्ज हवे तर आधी घर सावरा, हा त्याचा अर्थ. अहमदाबादने जे स्वतःहून केले, ते आता दिल्लीला अटी घालून करवून घ्यावे लागते. स्वायत्ततेच्या गप्पा मारणाऱ्यांनी याचा विचार करावा.

येथे कोणी मुंबईचे उदाहरण पुढे करील. देशातील सर्वांत श्रीमंत महापालिकेच्या ठेवी २०२२ साली ९० हजार कोटी रुपयांच्या वर होत्या. चांगल्या काळात साठविलेले धान्य मंदीत उपयोगी पडते, हे खरे. परंतु त्या ठेवींतील मोठा हिस्सा कर्मचाऱ्यांचा भविष्यनिर्वाह निधी, निवृत्तिवेतन आणि कंत्राटदारांच्या अनामत रकमा यांचा आहे. त्या पैशाला हात लावण्याचा अधिकार कोणाला नाही. शिवाय हाती घेतलेल्या प्रकल्पांची एकत्रित देणी २०२५ मध्ये दोन लाख कोटी रुपयांहून अधिक झाली होती. म्हणजे कोठार भरलेले दिसते, पण त्यावर किती जणांच्या चिठ्ठ्या आहेत ते मोजल्यावाचून मेजवानीचा बेत आखता येत नाही. बडा घर पोकळ वासा ही म्हण मुंबईला लागू पडू नये, अशी आमची प्रामाणिक इच्छा आहे.

भारतीय चिंतनाने अर्थाला कधी तुच्छ लेखले नाही. कौटिल्याने कोशाला राज्याच्या सात अंगांत स्थान दिले. पं. दीनदयाळ उपाध्याय यांनी अर्थाचा अभाव आणि अर्थाचा प्रभाव या दोहोंनाही धर्माचे शत्रू मानले. आजच्या नगरपालिका या दोन्हींच्या बळी आहेत. एकीकडे तिजोरीत अभाव आणि दुसरीकडे सभागृहात ठेकेदारीच्या पैशाचा प्रभाव! ज्यांच्या जन्माची त्रिशताब्दी २०२५ मध्ये देशाने साजरी केली, त्या पुण्यश्लोक अहिल्यादेवींचा कारभार या दृष्टीने पुन्हा अभ्यासण्यासारखा आहे. त्यांनी देशभर घाट बांधले, विहिरी खोदल्या, धर्मशाळा उभारल्या. हा धर्मकार्याचा खर्च प्रामुख्याने आपल्या खाजगीच्या उत्पन्नातून केला, दौलतीचा पैसा आणि खाजगीचा पैसा यांची सरमिसळ होऊ दिली नाही. त्यांचे घाट आजही उभे आहेत. आमचा डांबरी रस्ता पहिल्या पावसात वाहून जातो आणि त्याच्या कर्जाचा हप्ता मात्र दहा वर्षे शिल्लक राहतो.

नव्या सभागृहांकडून आमच्या अपेक्षा फार मोठ्या नाहीत, पण स्पष्ट आहेत. ज्या कामाचे आयुष्य कर्जाच्या मुदतीपेक्षा कमी, त्यासाठी कर्ज काढू नये. पगार, सत्कार आणि उत्सव यांच्यासाठी तर कधीच नाही. जागा, परवानगी आणि निविदा हाती असल्यावाचून कर्जाचा ठराव सभागृहापुढे येऊ नये. थकीत देयकांची यादी, कोणाचे किती आणि कधीपासून, दर तीन महिन्यांनी जाहीर व्हावी. बरकतीच्या वर्षी उत्पन्नाचा ठरावीक हिस्सा संकटनिधीत बाजूला पडावा आणि त्याला हात लावण्यासाठी सभागृहाचे विशेष बहुमत लागावे. रोजगार हमीच्या मूळ कल्पनेप्रमाणे प्रत्येक नगरपालिकेच्या कपाटात नाला, तळे, शाळा, जलवाहिनी अशा कामांचे तयार आराखडे असावेत. मग उद्या मंदी आली तर कामे थांबवा, असा आदेश काढण्याची वेळ येणार नाही. कामे काढा, असे म्हणता येईल आणि त्यासाठी कर्ज लागले तर ते देणाराही विश्वासाने देईल.

शेवटी एक गोष्ट आपणा सर्वांसाठी. संघाने शताब्दीच्या निमित्ताने समाजापुढे ठेवलेल्या पंच परिवर्तनात नागरी कर्तव्याचाही समावेश आहे. ते कर्तव्य केवळ कचरा कचराकुंडीत टाकण्यापुरते नाही. मालमत्ता कर वेळेवर भरणे हे जसे कर्तव्य, तसेच त्या कराचा हिशेब मागणे हेही कर्तव्यच. करमाफीचे आश्वासन घेऊन दारात येणाऱ्या उमेदवाराला, तो आपल्या विचारांचा असला तरी, भरपाई कोठून करणार हे विचारण्याचे धैर्य दाखविले पाहिजे. देशभक्ती सीमेवर दिसते, तशीच ती नगरपालिकेच्या कर भरणा खिडकीपाशीही दिसली पाहिजे. आज आपण ज्या तळ्याचे पाणी पितो, ते कोणीतरी आपल्यासाठी खोदून ठेवले होते. उद्याच्या पिढीच्या हाती आपण तळे ठेवणार की सणाची उधारी, हे या अर्थसंकल्पाच्या न उलटलेल्या पानांवरच ठरणार आहे. ती पाने उलटण्याची वेळ आली आहे.